पट्टीवरची विमानजत्रा

मुलाकडे जायला विमानात बसले की समोरच्या खुर्चीच्या खिशातली कागदी पिशवी मी आधी बाहेर काढते, उघडून बघते आणि पुन्हा ठेवते. शेजारच्या माणसाला वाटतं, म्हातारीला मळमळतंय. मळमळतं हे खरं, पण ते उंचीमुळे नाही. ही एवढीशी पिशवी त्या दिवशी आमच्या पट्टीवर कुणाच्या हाती असती तर माझ्या आबांच्या वाट्याला जे आलं ते आलं नसतं, आणि मलाही विमानाची अशी शिसारी बसली नसती. नातवाला विमानांचं भारी वेड. "आजी, तुझ्या गावाला खरंच विमानं यायची?" असं तो डोळे मोठे करून विचारतो. यायची, असं मी म्हणते आणि विषय बदलते. लहान पोराच्या तोंडचा घास कडू कशाला करायचा? म्हणून त्याला नाही सांगत, इथे लिहून ठेवते.

सोनगीर मागे टाकून दोंडाईच्याकडे जाताना डाव्या हाताला आमचं गाव आणि गावाला लागून ती पट्टी. गोऱ्यांच्या काळात, मोठी लढाई चालू असताना लष्कराने माळावर सिमेंटची धावपट्टी केली. लढाई संपली, लष्कर गेलं, पट्टी राहिली. तिच्या राखणीला सरकारी खात्याने एक चौकीदार ठेवला, ते माझे वडील, आबा. राखण कशाची, हे खात्यालाही ठाऊक नसावं. आम्हाला पट्टीच्या कडेला पत्र्याच्या छपराची एक खोली होती, मागे माझ्या मायने केलेला मिरच्या-वांग्यांचा वाफा, आणि खोलीच्या भिंतीवर खिळ्याला आबांचा खाकी कोट. आबा रोज सकाळी तो कोट घालून पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडत. विमान येवो न येवो, पट्टी स्वच्छ हवी. माय म्हणायची, हा माणूस घर कधी झाडणार नाही, पण सरकारचं अंगण झाडून झाडून झिजवील.

पट्टीचा खरा उपयोग गावाला ठाऊक होता. मिरचीचा तोडा सुरू झाला की सगळं गाव पट्टीवर मिरच्या वाळत घाली. आमच्याकडे मिरची वाळवायच्या जागेला पथारी म्हणतात. मातीच्या पथारीवर मिरचीला धूळ लागते, खालून ओल येते. सिमेंटच्या पट्टीवर माती नाही, ओल नाही, आणि उन्हाने तापलेली फरशी खालूनही मिरची वाळवते. संक्रांतीच्या सुमाराला पट्टी लालभडक असायची. घराघराची जागा ठरलेली, कडेच्या दगडांवरून ओळखायची, आणि दोन नियम कुणी न लिहिता सगळे पाळत. एक, ज्याने मिरची पसरली त्यानेच ती उचलायची, दुसऱ्याच्या मिरचीला हात लावायचा नाही. आणि दुसरा आबांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला, की चौकीदाराच्या घरची मिरची पट्टीवर पडणार नाही. राखणदारानेच जागा धरली तर लोकांनी बोलायचं कुणाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मायच्या वाफ्यातली मिरची छपराच्या पत्र्यावर वाळायची. माय मात्र रोजाने दुसऱ्यांच्या मिरच्या निवडायला बसायची, नाकातोंडाला फडकं बांधून, आणि रात्री भाकरी थापताना तिच्या हाताची इतकी आग व्हायची की ती पिठाच्या परातीतच हात ठेवून बसे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर कच्चं तेल. ती चव माझ्या जिभेवर अजून आहे. भरीत मात्र मी त्या दिवसापासून खाल्लेलं नाही. खानदेशातली बाई भरीत खात नाही म्हटल्यावर लोक मला वेड्यात काढतात.

विमानांची जत्रा आणली ती जिनवाल्या नानांनी. तालुक्याच्या गावात त्यांची सरकी काढायची जिनिंग होती, पांढरी गाडी होती, आणि तोंडात चोवीस तास पान. मुंबईकडे कुणा हौशी वैमानिकाशी त्यांची ओळख झाली, आणि पहिल्या वर्षी तो एक पिवळं, एकाच पंख्याचं विमान घेऊन आला. त्या वर्षीची जत्रा चांगली होती, हे मी कबूल करते. गावच्या बायकांनी विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, औक्षण केलं, आणि कुणीतरी उत्साहाने पंख्यावरच नारळ फोडायला निघाला तेव्हा वैमानिक जिवाच्या आकांताने ओरडत धावत आला. लोक हसले, तोही हसला. विमान उडालं, गावावरून फिरलं, उतरलं. गावाने त्याला भरीत-पुरी खाऊ घातली. सगळ्यात शेवटी तो आबांना म्हणाला, पट्टी फार छान ठेवलीत. आबांना तेवढं वाक्य वर्षभर पुरलं.

आणि जाताना नाना म्हणाले, "आबा, पुढला साले तुम्हले वर बसाडसूत."

पुढच्या वर्षी मांडव आला, कर्णा आला, पुढाऱ्यांच्या खुर्च्या आल्या. भाषणं इतकी लांबली की वैमानिक विमानाच्या सावलीत झोपून गेला. वर कोण बसलं? तर नानांच्या ओळखीचे एक साहेब, मग दुसऱ्या साहेबांची बायको. त्याच्या पुढच्या वर्षी भजी-जिलेबीची दुकानं, फुगे, पाळणा. माणसं गाड्या भरून येऊ लागली आणि एवढ्या माणसांसाठी संडास एकही नाही. बाया-माणसं, पोरंबाळं, सगळी आमच्या खोलीच्या मागे. मायच्या वाफ्यात पाय ठेवायला जागा उरायची नाही. जत्रा उठली की दुसऱ्या दिवशी वारं आमच्याकडे वळायचं आणि ताटावर बसलं की घास घशाखाली उतरायचा नाही. आबा फावडं घेऊन ते सगळं मातीआड करत. कडेच्या दगडांवर पानाच्या पिचकाऱ्या. त्यातल्या निम्म्या नानांच्या, कारण नाना बोलताना दर वाक्याला थुंकायचे आणि थुंकायला नेमकी पट्टीची कड शोधायचे. एकदा सुपडूभाऊंच्या मिरच्यांवर पिचकारी गेली तर म्हणाले, लालमा लाल, काय फरक पडस! आणि आजूबाजूचे सगळे हसले. मला आठवतं, मी हसले नव्हते, पण माझे आबा हसले होते, आणि त्या हसण्याची मला जी किळस आली ती पिचकारीची नव्हती आली.

दर वर्षी जाताना तेच एक वाक्य. पुढल्या साली तुम्हाला. आबा कधी मागायला गेले नाहीत. पण सगळ्या गावाला ठाऊक होतं की आबांना वर जायचंय. पट्टी झाडताना ते मध्येच थांबून वर बघायचे, त्यात कसलं गुपित राहतंय. एवढी वर्षं जमीन झाडली, ती वरून कशी दिसते एकदा बघायची, एवढीच त्या माणसाची हौस. स्वतःसाठी कधी त्याने नवा सदरा मागितला नाही की जेवणात कधी जास्तीचं तूप. एवढं एकच.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी मी दोंडाईच्याला बारावीला होते. पौषात ढग दाटले आणि हटेनात. मिरचीचा तोडा उशिरा झालेला, पट्टीवर पसरलेल्या मिरच्या दमट, दाबली की बोटाला ओल लागायची. जत्रा तोंडावर आली. नाना गाडीतून उतरले, थुंकले आणि म्हणाले की पट्टी उद्या रिकामी पाहिजे. आबा म्हणाले, मिरच्या वाळल्या नाहीत, लोक उचलणार नाहीत. नानांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. मी दारात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, औंदा तुम्हले बसाडसूतच. हाऊ मना शबद. पन पट्टी मोकळी करी द्या."

आबा घरोघर गेले. स्वतःच्या विमानात बसण्याचं कुणाला बोलले नाहीत, फक्त म्हणाले, दोन दिनना सवाल शे भो, ताडपत्रीखाले ठेई द्या. घरी माय भडकली. "वल्या शेतस त्या! ढीग कया तं सडी जातीन. लोकेसना घास शे तो!" आबा खाली मान घालून बसले. त्यांनाही ते कळत होतं. पण गाव आबांसाठी उठलं. कुणाला नानांचं पडलं नव्हतं. आबा वर जाणार आहेत, एवढंच पट्टीभर पसरलं, आणि ज्याने त्याने आपापली मिरची आपापल्या हाताने ओढून कडेला ढीग घातले. सगळ्यात मोठा ढीग सुपडूभाऊंचा. ताडपत्रीचं टोक दगडाखाली दाबत ते म्हणाले, "आबा, वरथून मनं खळं देखज्यात. अन् मनी म्हैस कोनी सोडी दिन्ही का, तेबी सांगज्यात." आबा लाजले. माझ्या बापाला मी लाजताना पाहिलं ते तेवढंच.

जत्रेच्या सकाळी मायने आबांचा पांढरा सदरा नीळ घालून धुतलेला, टोपीला कडक घडी, आणि खांद्यावर नवं उपरणं. रागावलेली होती तरी तिने ते उपरणं स्वतःच्या हाताने त्यांच्या खांद्यावर ठेवलं. मग ती पाहुण्यांचं भरीत करायला गेली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, हे काम गावच्या बायका पहाटेपासून करत होत्या. मांडवात पंगत बसली. पहिल्याच पाटावर नानांचे व्याही. नुकतीच नानांची मुलगी त्यांच्या घरी दिलेली. अंगाने भरदार, बोटात अंगठ्या, आणि खाणं असं की वाढणारीने घाबरावं. भरीत, पुऱ्या, वर जिलेबी, वर पुन्हा भरीत. बोटं चाटत होते आणि त्याच बोटांनी विमानाकडे खुणा करत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आबा विमानाजवळ उभे होते. वैमानिक पंखा तपासत होता. नाना व्याह्यांचा हात धरून आले आणि आबांना जरा बाजूला घेतलं.

"आबा, व्याही शेतस ना. पोर दियेल शे त्यासना घर. त्यासले नही कसं म्हनू?"

मुलीच्या सासऱ्याचा मान. आता यावर आमच्याकडे कोण काय बोलणार? आबांनाही तेच वाटलं असणार, कारण ते चटकन बाजूला झाले. इतकंच नाही, व्याह्यांना पाय ठेवायला जागा सापडेना तेव्हा त्यांच्या कोपराला हात देऊन त्यांनी त्यांना वर चढवलं. हे आठवलं की अजून माझी मूठ वळते.

विमान उडालं. वैमानिकाला वाटलं, पाहुणे मोठे आहेत, त्यांना मजा दाखवावी. त्याने गिरक्या घेतल्या, नाक खाली घातलं, पुन्हा वर उचललं. लोक टाळ्या पिटत होते, कर्ण्यावरून माणूस ओरडत होता. विमान उतरलं, दार उघडलं आणि आधी वास बाहेर आला. मग व्याही. सदऱ्यावर, मिशीवर, अंगठ्यांवर. त्यांना धरून मांडवात नेलं, पंख्याने वारा घातला, लिंबू-पाणी दिलं. आणि विमानात, बैठकीवर, पट्ट्यांवर, वैमानिकाच्या बैठकीच्या पाठीमागच्या कातड्यावर, पायाखालच्या पत्र्यावर, माझ्या मायने पहाटे भाजलेली वांगी. हिरवट, कोमट, मिरच्यांच्या बिया तशाच. मला लिहितानासुद्धा ओकारी येते, पण मी ते गाळणार नाही. ज्यांनी ते केलं त्यांना त्याची लाज वाटली नाही, मग मी तरी ते गोड करून का सांगू?

वैमानिक चिडला. हे स्वच्छ होईपर्यंत उडणार नाही म्हणाला. अजून दोन साहेब रांगेत होते. नानांनी चारीकडे पाहिलं. त्यांची दहा-बारा माणसं तिथेच उभी होती, जिनिंगमधली तरणीबांड पोरं. नानांची नजर आबांवर थांबली.

"आबा, जरासं पानी मारी ल्या ना. साहेब खोळंबेल शेतस."

आबांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, बादली लई ये." मी आणली. फडकं आणायचं मला सुचलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही, त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पाण्यात बुडवलं. नीळ दिलेल्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि आत वाकले. मी पाणी देत होते, ते पुसत होते. बैठक पुसली, पट्टे पुसले. बैठकीखालच्या पत्र्यापर्यंत बाहेरून हात पोचेना, म्हणून ते वर चढले, आत गेले, आणि पुढे वाकून पुसता यावं म्हणून त्याच बैठकीवर बसले. पुसून झालं. मी बादली ओतून आले तरी ते उतरले नव्हते. ओलं उपरणं मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर, आणि काचेतून बाहेर बघत होते. तिथून काय दिसत होतं? पट्टीची कड, ताडपत्र्या आणि मी.

"बाबा, झालं ना? उतरा आता," वैमानिक म्हणाला, "पुढचे पाहुणे थांबलेत."

आबा उतरले.

संध्याकाळी पांगापांग झाल्यावर लोकांनी ताडपत्र्या उघडल्या. ढिगातून वाफ निघाली. आत हात घातला तर भट्टीसारखं गरम, मिरच्या काळ्या पडलेल्या, देठाशी पांढरी बुरशी, आणि असा आंबूस कुजका दर्प की जवळ उभं राहवेना. बायका तोंडाला पदर लावून वेचायला बसल्या. एकानेही आबांना बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. सुपडूभाऊ आपल्या ढिगातून उठले, हात झटकत आमच्या दाराशी आले, आणि तोंडभर हसून विचारलं, "काय आबा, बसनात का इमानमा?" ते मांडवाच्या त्या टोकाला पाणी वाहत होते, त्यांना काही माहीत नव्हतं.

"बसनू," आबा म्हणाले.

"मनं खळं दिसनं का?"

"दिसनं."

"अन् म्हैस?"

"बांधेल व्हती."

सुपडूभाऊ खूश होऊन परत आपल्या कुजलेल्या मिरच्यांकडे गेले. माय चुलीपुढे बसली होती. तिने उपरणं राखेने घासलं, पुन्हा घासलं, नाकाशी नेलं, आणि चुलीत घातलं. नवं होतं. आबा बघत होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. मला कुणाचा राग येत होता हे मला धड सांगता येईना. नानांचा होताच, व्याह्यांचा होता, पण त्या कर्ण्यावरच्या ओरडण्याचा, टाळ्यांचा, तोंडभर खाणाऱ्या पंगतीचा, आणि माझ्या बापाच्या त्या शहाण्या, समजूतदार, कायम बाजूला होणाऱ्या स्वभावाचासुद्धा. किळस अशी एकदा आली की माणसांना वेगवेगळं करून बघत नाही.

पुढल्या वर्षी मिरची छान आली. ऊन लखलखीत. नाना आले, थुंकले, पट्टी मोकळी करा म्हणाले, आणि आबांच्या खांद्यावर हात टाकला. आबा बरं म्हणाले. लोकांनी जत्रेच्या आदल्या दिवशी मिरच्या उचलल्या, त्या कोरड्या होत्या, हरकत नव्हती. जत्रेच्या सकाळी मी उठले तर छपराच्या पत्र्यावर मायच्या वाफ्यातली मिरची नव्हती. माय दारात उभी राहून पट्टीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की मी थेट बघायला गेले.

पट्टीच्या बरोबर मधोमध, जिथे विमानाची चाकं टेकायची, तिथे आबांनी आमची मिरची पसरली होती. रात्रीच्या दवात भिजलेली, एका घमेल्यात मावेल एवढीच. शेजारी खाकी कोट घालून ते उकिडवे बसले होते. मांडव भरला, कर्णा सुरू झाला, मग लोकांच्या लक्षात आलं. नाना धावत आले.

"ह्या कोन्या शेतस?"

"मन्या," आबा म्हणाले.

"मंग उचला ना! इमान निंघेल शे तठून!"

"वल्या शेतस आजून."

नानांनी आपल्या पोरांकडे पाहिलं. पोरं आजूबाजूच्या गावांचीच होती, दुसऱ्याच्या मिरचीला हात लावायचा नसतो हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. एकही हलला नाही. नानांनी स्वतःच बुटाचा पाय उचलला. तेवढ्यात सुपडूभाऊ गर्दीतून पुढे आले आणि आबांच्या शेजारी बसले. मधल्या वर्षात कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं असणार. मग त्यांची बायको आली, पाटीभर मिरची घेऊन, आणि तिने ती त्यांच्या जुन्या जागेवर पसरली. मग बाकीचे आले, आपापल्या मिरच्या घेऊन. नानांचा पाय बराच वेळ वर होता, तो त्यांनी खाली ठेवला, पण मागे.

त्यानंतर पट्टीवर विमान आलं नाही. आबांनाही तिथे ठेवलं नाही. महिन्याभरात त्यांना जळगावच्या कुठल्याशा सरकारी गोदामावर धाडलं, आम्ही खोली सोडली, आणि उरलेली नोकरी त्यांनी पोत्यांची राखण करत काढली. विमानात ते कधीच बसले नाहीत. मी कमावती झाले तेव्हा एकदा विचारलं, तर म्हणाले, एक डाव बसनू ना, बस झालं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. विमान आलं. खाली एवढी माणसं आणि लाल पट्टी बघून ते उतरलं नाही, आमच्या डोक्यावरून मोठी गिरकी घेऊन सोनगीरच्या बाजूला वळलं. सगळे माना वर करून बघत होते. आबांनीही डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि ते ठिपका होऊन जाईपर्यंत बघत राहिले. मग खाली वाकले आणि एकेक मिरची उलटवायला लागले. खालची बाजू अजून ओली होती.